डावीकडचा ब्रेक

माझ्या बाबांनी एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. अर्धं शहर त्यांच्याकडून क्लच सोडायला शिकलं. अशा माणसाला स्वतःच्या गाडीचा विमा कशाचा आहे हे माहीत नसावं, यावर कोणी सांगूनही माझा विश्वास बसला नसता. मी छापखान्यात प्रुफं तपासते. लोकांच्या वेलांट्या सुधारण्यात माझी हयात चालली आहे, आणि घरातली ही चूक अकरा वर्षं माझ्या नजरेतून निसटली. राग बाबांपेक्षा मला माझाच जास्त आला.

विम्याची मुदत संपली ती आईच्या ऑपरेशनच्या गडबडीत. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आई घरी आली, आणि मुदत संपून दहा दिवस झाल्यावर औषधांच्या चिठ्ठ्यांखाली दबलेलं विम्याचं पत्र माझ्या हाताला लागलं. बाबा नियमाचे इतके पक्के, की विमा नाही म्हटल्यावर त्यांनी गाडीची किल्ली कपाटात ठेवून दिली. आणि आईला तर आठवड्यातून तीनदा दवाखान्यात गुडघ्याच्या व्यायामाला न्यायचं होतं. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, या महिन्यात गुडघा वाकला तर वाकला, नाहीतर जन्मभर असाच ताठ राहील. मी भाड्याची गाडी बोलावली. आई काठी टेकत फाटकापर्यंत आली, वाकून आत पाहिलं आणि मागे फिरली.

“यात माझ्या पायाखाली ब्रेक नाही,” ती म्हणाली.

हे जरा सांगायला हवं. आमची गाडी मुळात स्कूलची. अकरा वर्षांपूर्वी बाबा निवृत्त झाले तेव्हा मालकांनी ती त्यांना स्वस्तात दिली. वरची पाटी उतरली, कागदपत्रं घरगुती झाली, पण शिकवणाऱ्याच्या डाव्या सीटपुढचं ब्रेकचं पेडल तसंच राहिलं. त्या सीटवर आता आई बसते. लग्नानंतर बाबांनी तिलाही गाडी शिकवायला घेतली होती. ती शिकवणी तिसऱ्या दिवशी संपली. आईने ब्रेक समजून भलतंच दाबलं, आणि समोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर गाडी थांबली ती बाबांनी डावीकडचा ब्रेक मारला म्हणून. तेव्हापासून आईचं ठाम मत आहे, की गाडीत माणसाचा जीव डावीकडे असतो. बसमध्ये ती बिनधास्त चढायची, पण आता या गुडघ्याने बसच्या पायऱ्या कुठून चढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बाबांना घेऊन विमा एजंटकडे गेले. या माणसाला सगळे सावकाश म्हणतात. तो बाबांचाच विद्यार्थी. शिकताना इतका सुसाट सुटायचा, की बाबा महिनाभर त्याच्यावर “सावकाश, सावकाश” ओरडत होते आणि ते नाव त्याला चिकटलं. आता तो खरोखरच सावकाश झालाय. एका स्टुलावर प्रिंटर, एका स्टुलावर पंखा, मधल्या जागेत तो. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः खिडकीत टेकला.

“सर, आत्तापर्यंत तुमचा थर्ड पार्टी होता. तोच करू? सगळ्यात स्वस्त पडतो.”

“तोच कर,” बाबा म्हणाले. “हिच्या आईसाठी तोच बरा.”

“काकूंसाठी?”

“मग? पहिली पार्टी मी, दुसरी गाडी, आणि तिसरी माझ्या शेजारी बसते ती. मला आणि गाडीला काय धाड भरलीय? म्हटलं, तिचा तेवढा असू दे.”

सावकाशने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“सर,” तो म्हणाला, “पहिली पार्टी तुम्ही, दुसरी आमची कंपनी. तिसरा म्हणजे रस्त्यावरचा कोणीतरी तिऱ्हाईत. तुमच्या गाडीने त्याला इजा झाली, त्याचं काही मोडलं, तर त्याची भरपाई. तो विमा सगळ्यांनाच सक्तीचा.”

“आणि ही?”

“काकू त्यात नाहीत.”

माझ्या ओठांवर खूप काही आलं होतं. एवढी साधी गोष्ट विचारता येत नाही का, छापलेलं कोणी वाचायचं की नाही, वगैरे. पण बाबांचा चेहरा पाहिला आणि शब्द गिळले. ज्याचं पैजेवर सांगितलेलं उत्तर चुकलं अशा शाळकरी मुलासारखे ते बसले होते.

“म्हणजे अकरा वर्षं,” ते म्हणाले, “तिच्याशिवाय सगळ्यांची सोय केली मी.”

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सावकाशला म्हणाले, सगळं पहिल्यापासून सांग, क्लच म्हणजे काय इथून. सावकाशने पाठकोऱ्या कागदावर गाडी काढली. बाहेर एक माणूस काढला, तो तिऱ्हाईत. गाडीला गोल केला, ते आपल्या गाडीचं नुकसान, म्हणजे ठोकर, चोरी, आग. त्याचे पैसे वेगळे. चालवणाऱ्या मालकाचा अपघात विमा वेगळा. शेजारी आणि मागे बसणाऱ्यांचा आणखी वेगळा, तो मात्र अगदी थोडक्या पैशांत मिळतो. सगळं एकत्र घेतलं तर आकडा असा झाला, की बाबांनी चष्मा काढून पुसला.

“यातलं काढता काय येईल?” मी विचारलं. छापखान्यात मजकूर पानात बसत नाही तेव्हा मी हेच विचारते.

काढता बरंच आलं. गाडी जुनी, तेव्हा सुटे भाग बदलताना त्यांची झीज धरून पैसे कमी मिळतात. ती झीज धरू नये म्हणून एक जास्तीची सोय असते, ती काढली. “माझी झीज तरी कुठे कोण भरून देतंय,” बाबा म्हणाले. किरकोळ पोचे आले तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण सोसायचा असं लिहून दिलं, त्याने हप्ता उतरला. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदतीला येणारी माणसं काढली, कारण बाबांसारखा माणूस गाडीत असताना ती येऊन करणार काय? शेवटी आकडा आमच्या आवाक्यात आला. शेजारी बसणाऱ्याचा विमा मात्र बाबांनी बोट ठेवून धरला होता. त्याला हात लावायचा नव्हता.

“फक्त एक आहे,” सावकाश म्हणाला. “मुदत संपून गेली आहे, त्यामुळे गाडी बघायला यावं लागेल. फोटो काढतो. दहा मिनिटांचं काम.”

दुपारी तो आला. चारी बाजूंनी फोटो काढले, दार उघडलं आणि तसाच वाकून राहिला.

“सर, हे पेडल अजून आहे?”

“आहे.”

“मग कंपनी म्हणेल, ही शिकवणीची गाडी. तिचा विमा वेगळा आणि भलताच महाग. मी गप्प बसलो तर उद्या वेळ आली की भरपाई अडवतील. हे काढायलाच लागेल.”

वर गॅलरीत आई खुर्ची टाकून बसली होती. तिला बरोबर तेवढंच ऐकू आलं.

“तो काढलात तर मी जिना उतरायची नाही,” ती वरून म्हणाली.

माझा ताबा गेला. “आई, गुडघा तुझा आहे, कंपनीचा नाही,” मी भर अंगणात ओरडले. “इथे तुझ्यासाठी आटापिटा चाललाय आणि तू एका लोखंडाच्या तुकड्यासाठी हटून बसलीस.”

आईने काठी घेतली, उठायला तिला बराच वेळ लागला, आणि ती आत गेली. मला तेव्हाच वाईट वाटलं.

बाबांनी नाक्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. तो डावीकडे पाय बाहेर टाकून आडवा झाला, बॅटरी तोंडात धरून आत शिरला. जरा वेळाने त्याने बॅटरी हातात घेतली.

“मास्तर, काढायचं काय यात? हे जोडलेलंच नाही. दोन पेडलांमधली दांडीच नाही.”

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी आधी वर गॅलरीकडे पाहिलं आणि तोंडावर बोट ठेवलं.

“हळू बोल,” ते म्हणाले. “गाडी घेतली त्याच आठवड्यात काढली मी दांडी. भर रस्त्यात तिने करकचून दाबला, मागचा स्कूटरवाला थोडक्यात वाचला. पण पेडल नसेल तर ती बसणार नाही. म्हणून ठेवलं.”

“पण गाडी तर थांबते,” मी म्हणाले. “आई दाबते आणि गाडी हळू होते. मी मागे बसून अकरा वर्षं पाहतेय.”

“तिचा पाय खाली गेला की मी माझा दाबतो.”

हे त्यांनी आरसा नीट करावा इतक्या सहज सांगितलं. सावकाश फोनमधले फोटो बघत राहिला, बघण्यासारखं त्यात काही नसताना. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग मी माझं काम केलं. कागद घेतला आणि लिहिलं: ‘डाव्या बाजूस एक पेडल आहे. ते ब्रेकला जोडलेलं नाही. त्याचा उपयोग केवळ पाय टेकण्यासाठी होतो.’ मेकॅनिकने तपासून सही केली, सावकाशने कागदाचा आणि दांडीच्या रिकाम्या जागेचा फोटो काढून कंपनीला पाठवला. एक अक्षर खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत होकार आला. रात्री बारापासून विमा लागू, आणि शेजारी बसणारी व्यक्ती त्यात.

सकाळी मी आईला सांगितलं, पेडल तसंच आहे. ती जिना उतरली, एकेक पायरी, माझ्या खांद्यावर हात ठेवून. कालच्या ओरडण्याबद्दल मी माफी मागितली तर म्हणाली, “तुझ्या ओरडण्याला कोण भीक घालतं.” बाबांनी सीट मागे सरकवून तिचा डावा पाय हाताने उचलून आत ठेवला. उजवा तिने स्वतःच नेमक्या जागी ठेवला. मी मागे बसले, मुद्दाम मधोमध, दोघांचे पाय दिसतील अशी.

वळणावर एक कुत्रं आडवं आलं. आईचा पाय खाली गेला. बाबांचाही गेला, पण जरासा मागाहून. गाडी थांबली, कुत्रं निवांत पलीकडे गेलं.

“ब्रेक आज उशिरा लागला,” आई समोर बघत म्हणाली.

“म्हातारा झालाय,” बाबा म्हणाले.

“अजून लागतोय ना. मग झालं.”

माझ्या लक्षात यायला एक चौक गेला. “आई,” मी विचारलं, “तुला माहीत आहे?”

“जोडलेलं पेडल इतकं हलकं असतं होय? तीन दिवस का होईना, यांच्याकडेच शिकलेय मी.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच रस्त्याकडे पाहिलं. कान तांबडे झाले होते.

“मग काल वरून एवढं नाटक कशाला?” मी म्हणाले. “आणि त्या भाड्याच्या गाडीत का नाही बसलीस? ब्रेक तर इथेही नाही.”

“त्या परक्या ड्रायव्हरला काय कळणार, मी पाय दाबला म्हणून?” आई म्हणाली. “मला भीती वाटली की हे पेडल दाबते. यांना कळतं.”