व्हर्लिन कोणाचा पाहुणा

इसवी सन दोन हजार बाराच्या फेब्रुवारी महिन्यातील पहिल्या सोमवारी, विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागातील टॅमरॅक फॉल्स या गावी, बेथेल चर्चच्या तळघरात, शिकारी व मासेमार यांना दरवर्षी दिल्या जाणाऱ्या जेवणाची समिती सायंकाळी भरली. आणि अस्वलाचे मांस किती वेळ शिजवावे या नेहमीच्या वादाऐवजी, ‘बाहेरचा माणूस’ नेमका कोणाला म्हणावे या वादात ती अडकली ती अडकलीच.

या जेवणाचा हेतू असा, की जो माणूस रविवारी सकाळी चर्चच्या बाकावर न बसता मचाणावर किंवा गोठलेल्या तळ्यावर बसतो, त्याला त्याच्याच आवडीच्या पदार्थांच्या निमित्ताने आत आणावे. हेतू उत्तम होता. परंतु आदल्या वर्षी पंगत उठल्यावर ध्यानात आले, की जेवून गेलेला प्रत्येक जण आमच्याच बाकांवरचा होता. आम्ही आम्हालाच बोलावले, आम्हीच आम्हाला वाढले, आणि सोडतीत ठेवलेली बंदूकही आमच्याच खजिनदाराला लागली. म्हणून पास्टर केंट व्हेलन यांनी या वर्षी नियम घातला: जो सभासद चर्चला न येणारा एक माणूस बरोबर आणील त्यालाच पान मिळेल, एकटा येईल त्याला मिळणार नाही. समितीचा अध्यक्ष या नात्याने नियमाचे शब्द मी लिहिले होते, आणि त्यांत एकही सैल जागा राहिलेली नाही अशी माझी समजूत होती.

“माझा माणूस ठरला,” खुर्चीत बसता बसताच रॉली ट्वेइट म्हणाला. भिंतीवर शिंगे मांडण्याचे काम त्याच्याकडे असे आणि विनोद करण्याचे काम त्याने आपणहून घेतले होते. “व्हर्लिन कुख्ता. हो म्हणालाय.”

“तुझा कसा?” स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या आर्लिसबाई नीगार्ड यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “त्याला मी नाताळाआधीच सांगून ठेवलंय. मलाही हो म्हणालाय.”

पास्टर खाकरले. “मी त्याला पेट्रोलपंपावर विचारलं होतं. फार आनंदाने हो म्हणाले ते.”

रॉलीने तेथूनच आपल्या मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याचा माणूसही व्हर्लिनच होता.

आर्लिसबाई म्हणाल्या, “म्हणजे अख्ख्या गावात देवाला न मानणारा एकच माणूस, आणि आपण सगळे त्याच्यावर तुटून पडलोय. गिधाडं बरी.”

“लुथरन चालतील का?” रॉलीने विचारले.

“ते त्यांच्या चर्चला जातात,” पास्टर म्हणाले.

“जे नुसते नाताळला येतात ते?”

“ते अर्धे आतले.”

“मग दोन अर्धे आणले तर एक पान मिळेल?” रॉली म्हणाला. “आणि जे येतात पण प्रवचनात झोपतात, त्यांचं काय? तसं असेल तर मीच बाहेरचा. आर्लिस, मला घेऊन ये तू.”

मी मध्ये पडलो. एक पाहुणा चार यजमानांचा असू शकत नाही, असे मी सांगितले. तो कोणा एकाचा तरी असला पाहिजे, नाही तर चारही पाने नियमबाह्य ठरतात. पास्टर म्हणाले, की नियमामागची भावना पाहावी. मी म्हणालो, भावनेला पान वाढता येत नाही. यावर आर्लिसबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिले.

“हार्लन, तू सगळ्यांना कायदा शिकवतोयस. तुझा माणूस कोण?”

माझा माणूस नव्हता. मी कोणालाच विचारले नव्हते, आणि त्याचे कारण येथे स्पष्ट सांगणे भाग आहे. स्वभावाने मी वाद घालणारा. त्यापायी अनेक माणसे मला दुरावली. उरला तो व्हर्लिन. हिवाळाभर दर शनिवारी त्याच्या बर्फावरच्या खोपटात आम्ही दोघे बर्फात पाडलेल्या दोन भोकांपाशी गळ सोडून बसतो. मी बोलतो, तो हुंकार भरतो. त्याची बायको मार्जीन, जी आमच्याच चर्चची होती, वारली त्या हिवाळ्यात त्याने एकच अट घातली: खोपटात चर्चचे नाव काढायचे नाही. पूर्वी तो रविवारी तिच्याशेजारी येऊन बसे. ती गेली आणि त्याने येणे सोडले. अट मी काटेकोर पाळली, कारण ती मोडली तर खोपटातली माझी जागा जाईल आणि तिच्याबरोबर माझा शेवटचा मित्रही जाईल, हे मला पक्के ठाऊक होते.

समितीने एकमताने ठरवले, की तो नेमका कोणाचा पाहुणा हे त्यालाच विचारावे आणि विचारण्यास मी जावे.

“तुझं ऐकतो तो,” रॉली म्हणाला.

“तो कोणाचंच ऐकत नाही, म्हणून तर याचं ऐकून घेतो,” आर्लिसबाई म्हणाल्या. “शनिवारी लवकर गाठ हं त्याला. दुपार टळली की निघतो तो ब्लू हेरनमध्ये प्यायला. अख्खं गाव बघतं त्याची गाडी तिकडे वळताना.”

शनिवारी मी खोपटात गेलो तेव्हा व्हर्लिनने गिरमिटाने दोन्ही भोके पाडून ठेवली होती आणि गॅसच्या शेगडीवर कॉफी तापत होती. मी बसलो, गळाला मासोळी लावली, आणि आठवडाभर मनात बांधलेले वाक्य उच्चारण्यास योग्य क्षण शोधू लागलो. तसा क्षण आला नाही. एक बऱ्यापैकी वॉलआय मासा मात्र आला. तो बर्फावर थंड पडेपर्यंत मी गप्प राहिलो.

“तुला बरं नाही का?” व्हर्लिनने विचारले. “एवढा वेळ तू गप्प बसलेला मी पाहिला नाही.”

“मला तुला काही विचारायचंय. रागावू नकोस.”

“चर्चचं नाही ना?”

“चर्चचं नाही. जेवणाचं आहे.”

“कुठे आहे जेवण?”

“चर्चमध्ये.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा भोकाकडे पाहिले. आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. चौघांनी त्याला विचारले आणि चौघांनाही तो हो म्हणाला, हे कसे, असे मी विचारले.

“हो म्हणू नको तर काय?” तो म्हणाला. “अस्वल माझं आहे. सप्टेंबरात मी मारलं, आणि आर्लिसच्या फ्रीजरमध्ये नेऊन दिलं. मला वाटलं, अस्वल दिलं म्हणून बोलावतायत. एक येतो, दुसरा येतो, पास्टर तर पेट्रोल भरता भरता माझा हात सोडेनात. मी म्हटलं, या लोकांना अस्वल फारच आवडलेलं दिसतंय.”

“ते तुला बाहेरचा म्हणून बोलावतायत, व्हर्लिन.”

“कशाच्या बाहेरचा?”

मी नियम सांगितला. त्याने तो पूर्ण ऐकून घेतला, आणि मग बर्फात रुतलेल्या काठीला दोरा गुंडाळीत उठला.

“ब्लू हेरनला निघालास?” मी विचारले.

“ब्लू हेरनला कशाला?” तो म्हणाला. “त्याच रस्त्याने पुढे सेंट स्टॅनिस्लॉसचं चर्च आहे. आज मिस्सा आहे.”

“कसली मिस्सा?”

“शनिवारची. दर शनिवारी असते. मी कॅथलिक आहे, हार्लन.”

“केव्हापासून?”

“लहानपणी डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं तेव्हापासून. लग्न झालं तेव्हा मार्जीनशी ठरलं, शनिवारी माझं, रविवारी तिचं. ती गेली. रविवारी मी तिथे एकटा कोणाशेजारी बसू? शनिवार चालू ठेवला.”

मी जे इतकी वर्षे गृहीत धरले होते त्याची आता कोणत्या बाजूने फेरतपासणी करावी, हे मला समजेना. तो कॅथलिक असेल तर नियमाप्रमाणे तो बाहेरचा नव्हता, आणि पास्टरांसह चारही सभासदांची पाने रद्द होत होती. आमच्या काही वडीलधाऱ्यांना विचारले असते तर कॅथलिक बाहेरचाच, असे ते म्हणाले असते. पण ते वाक्य त्याच्या तोंडावर उच्चारण्याची ताकद माझ्यात नव्हती. आणि या सर्वांखाली आणखी एक गोष्ट होती, जी मला अधिक टोचत होती.

“मग चर्चचं नाव काढायचं नाही, असं तू का म्हणालास?”

“आठवत नाही तुला?” त्याने हातमोजे चढवले. “दफन होऊन आठवडा झाला नव्हता. तू इथे बसून मला सांगत होतास, की तिच्या अंत्यविधीच्या प्रवचनाची रचना कशी ढिसाळ होती. मुद्दे कुठे घसरले. मी म्हटलं, हे थांबलं पाहिजे. बाकी माझं कोणाशी वाकडं नाही.”

प्रवचन खरोखर ढिसाळ होते. ते सांगावे की सांगू नये, असा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, आणि मी गप्प बसलो.

“बरं, मी येऊ की नको?” व्हर्लिनने विचारले. “तुमच्या नियमाप्रमाणे.”

“ते समितीपुढे ठेवावं लागेल.”

त्याने दाराची कडी काढली. बाहेरचा पांढरा उजेड आत पडला, आणि तो तसाच दारात उभा राहिला. गार वाऱ्याने शेगडीची ज्योत वाकली.

“चौघांनी विचारलं, हार्लन. तू नाही विचारलंस. नाताळापासून मी वाट बघतोय. मला वाटलं, याला मी तिथे नको आहे.”

“तूच नको म्हणाला होतास.”

“मी चर्चवर बोलू नको म्हणालो. जेवायला चल म्हणायला काय झालं होतं?”

मी उभा राहिलो. आठवडाभर बांधलेल्या वाक्यातला एकही शब्द मला आठवेना. “जेवायला चल,” मी म्हणालो. “माझ्याबरोबर.”

“कोण म्हणून? आतला की बाहेरचा?”

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. आणि ते खरे होते.

त्याने टोपी कानांवर ओढली. “चौघांना काय सांगशील?”

“काय सांगू?”

“सांग, की मी तुझ्याबरोबर येणार हे आधीच ठरलं होतं.” मग तो बाहेर बर्फावर उतरला आणि वळून म्हणाला, “तो वॉलआय घेऊन जा घरी. पुढच्या शनिवारी कॉफी तू आण, माझी संपत आलीये.”

“आणतो.”

“मासे धरायला तू बरा आहेस, हार्लन,” व्हर्लिन म्हणाला. “माणसांना विचारायला तुला येत नाही.”