खालचा धागा

"…सुई वरचा धागा कापडाखाली घेऊन जाते, स्वल्पविराम, आणि परत वर येताना त्याचा एक छोटासा फास खाली ठेवून येते. पूर्णविराम. झालं लिहून?"

नववीच्या वर्गात पन्नास माना खाली होत्या. बाई बाकांमधून फिरत निबंध सांगत होत्या. हातात ना वही ना पुस्तक. हा निबंध त्यांना इतका पाठ होता, की मधेच एखाद्या गप्पिष्टाला दटावून पुन्हा नेमक्या त्याच शब्दावर येता येत असे. शाळेत त्यांचं नाव मुद्देबाई. कुणी अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायला आलं तरी त्या म्हणत, "आधी मुद्दे काढ." माहितीपर निबंध हा तर त्यांचा हातखंडा. एक प्रस्तावना, तीन मुद्दे, एक समारोप. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की माहितीपर निबंधात 'मी' यायचा नाही, 'माझी आई' यायची नाही आणि 'आमच्या घरी' तर मुळीच नाही. घर घरीच ठेवायचं, वहीत फक्त माहिती आणायची. चोवीस वर्षं हा नियम, आणि चोवीस वर्षं त्याला नमुना म्हणून हाच निबंध, 'शिलाई मशीन'. सहामाहीनंतर बाई निवृत्त होणार होत्या. म्हणजे या निबंधाचीही ही शेवटचीच खेप.

"शटल त्या फासातून खालचा धागा ओवून घेतं आणि टाका पक्का होतो. पूर्णविराम. आता नवा परिच्छेद."

"बाई, मधलं एक वाक्य राहिलं."

तिसऱ्या बाकावरची, यंदाच शाळेत आलेली मुलगी उभी राहिली होती. एरवी हजेरीलासुद्धा जेमतेम ऐकू येईल इतकंच बोलणारी.

"काय राहिलं?"

"टाका बिघडला की लोक वरच्या धाग्याकडे बघतात. बिघाड बहुतेक वेळा खालच्या धाग्यात असतो, पण तो उघडून बघायचा सगळ्यांना कंटाळा येतो. हे यायला पाहिजे ना इथे?"

वर्ग खो-खो हसला. मुद्देबाईंची चूक काढणारी पोर म्हणजे फुकटचा तमाशाच. बाई हसल्या नाहीत. ते वाक्य कुठल्याही पुस्तकात नव्हतं. चोवीस वर्षांपूर्वी एका उत्तरपत्रिकेत होतं, आणि बाईंनी स्वतःच्या हाताने त्यावर लाल रेघ मारली होती.

"कुठे वाचलंस हे?"

"वाचलं नाही. आई सांगते, मशीन शिकवताना. तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, बसस्टॉपच्या मागे. ती पण याच शाळेत होती, बाई. तुम्हीच होतात तिला."

"बस खाली," बाई म्हणाल्या. पुढचा परिच्छेद काही केल्या त्यांना आठवेना. त्यांनी तास संपायच्या दहा मिनिटं आधीच मुलांना वह्या मिटायला सांगितल्या.

खाई त्याला खवखवे म्हणतात. बाईंनी खाल्लं होतं ते असं. तेव्हा त्या नव्या होत्या, नोकरी कच्ची होती. चाचणीत 'एका यंत्राची माहिती' असा निबंध घातला होता. शिंपीणबाईंची मुलगी म्हणून ओळखली जाणारी एक काळीसावळी, लांब वेणीची पोर चौथ्या बाकावर बसायची. तिने लिहिलं होतं शिलाई मशीनवर. प्रस्तावना नाही, समारोप नाही. 'माझी आई सुई बदलताना बोलत नाही' अशी सुरुवात, आणि मग मशीन असं उलगडून दाखवलेलं, की शिलाईतलं ओ की ठो न कळणाऱ्या बाईंनाही टाका कसा पडतो ते पहिल्यांदा समजलं. वाचताना त्या हरखल्या होत्या. पण नियम म्हणजे नियम. दहापैकी चार मार्क. शेरा, 'आमच्या घरी टाळा. भाषेत कच्ची.'

पुढच्याच आठवड्यात तपासणीचे अधिकारी आले. हेडमास्तर म्हणाले, नमुना पाठ घ्या, नमुना निबंध तयार ठेवा. बाईंजवळ काही नव्हतं. घरी मुलांना दाखवून परत घेतलेल्या पेपरांचा गठ्ठा होता. त्यांनी ती उत्तरपत्रिका काढली, आईच्या जागी 'कारागीर' घातला, वर 'आजचे युग हे यंत्रयुग आहे' असं डोकं चिकटवलं, खाली 'अशा प्रकारे' करून शेपूट लावलं. आयत्या बिळावर नागोबा. दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच मुलीसमोर, तो निबंध सांगितला. अधिकारी मागच्या बाकावर बसले होते. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, "हा तुम्ही स्वतः लिहिलात?" हेडमास्तर अभिमानाने म्हणाले, "आमच्या बाई सगळं स्वतःच लिहितात." बाई गप्प बसल्या. खोटं बोलल्या असं कुणी म्हणू शकणार नाही. नुसत्या गप्प बसल्या. निबंध विद्यार्थ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत छापून आला, खाली बाईंच्या नावासकट. वर्षअखेर नोकरी पक्की झाली.

त्या तासाला चौथ्या बाकावरच्या मुलीने एकदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं होतं आणि पुन्हा खाली घालून लिहायला लागली होती. दहावीनंतर तिने शाळा सोडली. ती एक नजर मात्र बाईंच्या मागे लागली ती लागलीच. त्या निबंध बदलू शकल्या असत्या, यंत्रांना काय तोटा? पण मुलांना तोच कळायचा. त्याच्याइतका स्वच्छ दुसरा त्यांना लिहिता आला नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

"पेपर फुटल्यासारखा चेहरा का झालाय तुझा?" रात्री जेवताना नवऱ्याने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे तीन मुद्दे असणार. सांग की."

बाईंनी सांगितलं नाही. त्याला तरी काय सांगणार? तोही तो निबंध चारचौघांत कौतुकाने दाखवायचा.

राहिलेला निबंध दुसऱ्या दिवशी कसाबसा सांगून संपवला आणि पाच दिवस त्यांनी तसेच काढले. सहाव्या दिवशी रिकाम्या स्टाफरूममध्ये पर्सची चांगली धडधाकट चेन दोन्ही हातांनी ओढून तोडली आणि बसस्टॉपमागचं दुकान गाठलं.

दुकान कसलं, दोन दुकानांमधली फट. एक मशीन, एक स्टूल, भिंतीला खिळ्यांवर रंगारंगाची रिळं. मशीनवरच्या बाईने चष्म्यावरून पाहिलं आणि तटकन उठून उभी राहिली, वर्गात उठावं तशी.

"बाई! तुम्ही? अहो, मुलीजवळ पाठवून द्यायची ना पर्स. बसा, बसा. स्टूल डुगडुगतंय जरा."

केस पांढरे व्हायला लागले होते, वेणी गेली होती. तिने पुन्हा मशीनवर बसत पर्स हातात घेतली, चेनवरून अंगठा फिरवला.

"ही झिजून नाही तुटली, बाई. ओढून तुटलीय."

"हो," बाई म्हणाल्या. "मीच ओढली. मला तुझ्याशी बोलायचं होतं."

"मुलीने काही केलं का? म्हणाली मला, वर्गात मधेच बोलले म्हणून. मी रागावले तिला. म्हटलं, बाईंचा निबंध आहे तो, छापलेला, त्यात तू कोण भर घालणार? अहो, मी तिच्याकडून पाठ करून घेतलाय तुमचा निबंध. मार्गदर्शिका अजून ठेवलीय मी."

"माझा नाही तो."

"म्हणजे?"

"तुझा आहे. तू चाचणीत लिहिला होतास. मी पुढेमागे चार ओळी जोडल्या आणि आपला म्हणून वाचला. तू बघितलंस माझ्याकडे तेव्हा. कळलं होतं तुला."

ती हसली. हसता हसता मान हलवायला लागली. "काहीतरीच काय, बाई! मला चार मार्क होते. पक्कं आठवतंय. माझा चुकला म्हणून तुम्ही मुद्दाम तोच विषय घेऊन तो बरोबर कसा लिहायचा ते दाखवलंत, असं वाटलं मला. केवढं बरं वाटलं होतं! म्हटलं, एवढ्या मोठ्या बाई, माझ्यासारखीसाठी एवढं करतात. म्हणून तर बघितलं."

चोवीस वर्षं बाई त्या नजरेला घाबरत आल्या होत्या, आणि ती नजर आभाराची होती. त्यांना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी परवडलं असतं.

"माझी आई सुई बदलताना बोलत नाही," बाई म्हणाल्या. "तुझं पहिलं वाक्य. तेही मीच खोडलं. आणि खालच्या धाग्याचं."

मशीनच्या पायट्यावरचा तिचा पाय थांबला. रस्त्यावर बस येऊन उभी राहिली, माणसं उतरली, बस गेली.

"हो," ती हळूच म्हणाली. "नव्हतीच बोलत ती. सुई हातात असली की."

मग तिने मागच्या फळीवरून मुलीची निबंधाची वही काढली, पान उघडलं आणि मशीनवर ठेवलं. शेजारी कापडावर खुणा करायचा निळा खडू ठेवला. "यातलं माझं किती?"

बाईंनी खडू उचलला. त्यांनी पहिल्या परिच्छेदावर फुली मारली, शेवटच्यावर मारली. 'कारागीर' जिथे जिथे होता तिथे गोल केले. मधे राहिलं ते जवळजवळ सगळंच.

तिने ते बोट ठेवून वाचलं. मग पर्सची चेन उसवायला घेतली. मान वर न करताच ती बोलली.

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी पुढे शिकले असते, असं नाही म्हणणार मी. घरची परिस्थितीच नव्हती. पण लिहीत राहिले असते, बाई. दुपारी गिऱ्हाईक नसतं. काहीबाही लिहिलं असतं." तिने धागा दाताने तोडला. "भाषेत कच्ची म्हणून कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही मी. नवऱ्याकडून लिहून घेते."

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. दुसरा मुद्दा त्यांच्याकडे नव्हता.

"घ्या. आता नाही तुटणार, कितीही ओढलीत तरी." तिने नवी चेन बसवलेली पर्स पुढे केली. माफ केलंस का, असं बाईंनी विचारलं नाही. पुढचं गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं.

सोमवारी वर्गातच वह्या तपासायला आल्या. बाई एकेक वही उघडत, चुका लाल करत, खाली सही ठोकत. मुलीची वही आली तेव्हा पेन हवेतच राहिलं. निळ्या फुल्या तशाच होत्या. प्रत्येक 'कारागीर' खोडून त्यावर 'माझी आई' लिहिलं होतं, आणि समासात, बारीक अक्षरात, सुईचं आणि खालच्या धाग्याचं वाक्य आपापल्या जागी बसवलं होतं. अक्षर मुलीचं नव्हतं.

निबंधाच्या खाली एक पूर्ण नाव होतं, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढलेलं. दुकानाच्या पाटीवरचं नाही. लग्नाआधीचं, हजेरीपटात असायचं ते, चोवीस वर्षांपूर्वी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात होतं तेच.

नावाच्या खाली बाईंच्या सहीपुरती जागा उरली होती. त्यांनी पेनाला टोपण घातलं, वही दोन्ही हातांनी उचलली आणि तिसऱ्या बाकापर्यंत स्वतः नेऊन दिली.