अकरा किलोला वीसचं इंजिन

जुन्नरच्या बाजारपेठेत वडिलांच्या, खेमचंदजींच्या, हार्डवेअरच्या दुकानात अंकित खिळे, बिजागऱ्या आणि पाइप विकायचा. यूट्यूबवर मात्र लोक त्याला सर म्हणायचे. थर्माकोलची, बॅटरीवर उडणारी छोटी विमानं तो स्वतः जोडायचा, सुट्टीच्या दिवशी माळावर नेऊन रिमोटनं उडवायचा आणि सगळं मराठीत समजावून सांगायचा. मराठीत असं सांगणारे थोडे, म्हणून लोक त्याला काय वाटेल ते विचारायचे. आणि उत्तर येत नसलं तरी काहीतरी सांगून टाकायची त्याला सवय लागली होती. पेट्रोलवर चालणारं मोठं इंजिन त्यानं कधी हातातही धरलं नव्हतं. हे तेवढं त्यानं कुठल्या व्हिडिओत सांगितलं नव्हतं.

वलीचाचा त्यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. उमेदीत त्यांनी निम्म्या जुन्नरची कपाटं आणि पलंग केले होते. गुडघे धरले तसं त्यांनी मोठं काम सोडलं. एक दिवस ते दुकानात आले, ते काही घ्यायला नव्हे. म्हणाले, सर, जरा घरी येऊन एक चीज बघा.

माडीवरच्या खोलीत विमान होतं. पंख जोडले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातील एवढे, दहा फुटांचे. आतल्या लाकडी पट्ट्या इतक्या बारीक आणि सारख्या कापलेल्या की अंकित नुसता बघत राहिला. त्यांच्यावर पांढरं कापड ताणून बसवलं होतं. ते काम जैबुन्निसाचाचींचं. त्या कपडे शिवायच्या. पंखाच्या गोलाईवर त्यांनी कापड असं चढवलं होतं की टाका कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. वर्षभर दोघं नवरा-बायको त्या खोलीत बसून हेच करत होते. आता राहिलं होतं ते फक्त इंजिन.

वलीचाचांनी सगळं वजन करून ठेवलं होतं. इंजिन धरून अकरा किलोच्या आसपास जाईल म्हणाले. मग याला इंजिन कितीचं घ्यावं?

अंकितनं एका परदेशी माणसाचा व्हिडिओ पाहिला होता. किती वजनाच्या विमानाला किती सीसीचं इंजिन, हे तो माणूस एकेक करून सांगत होता. अकराला वीस, हे अंकितच्या डोक्यात राहिलं होतं. तो म्हणाला, वीस सीसी पुरे.

वलीचाचा थोडे घुटमळले. एवढं धूड एवढ्याशा इंजिनानं उचलेल का, असं त्यांनी हळूच विचारलं. घरी जाऊन तो व्हिडिओ पुन्हा बघतो आणि उद्या सांगतो, असं म्हणता आलं असतं. पण चाची दारात चहा घेऊन उभ्या होत्या, दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते. मोठं इंजिन लावलं की नाक कसं जड होतं, हादऱ्यानं सांधे कसे सुटतात, हे सगळं अंकितनं सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त या विमानाला तो लागू नव्हता. वलीचाचांची शंका मिटली. त्यांनी वीसचं इंजिन मागवलं.

उडवायला जागा मिळाली निमगाव सावाला. धर्माजी म्हणून वलीचाचांच्या ओळखीचे शेतकरी होते, त्यांचं कांदा काढून मोकळं झालेलं लांब रान होतं. त्यांनी ते रोटर मारून, फळी फिरवून सपाट करून दिलं. सकाळी अंकित बायकोला, रिद्धीला, घेऊन पोचला तेव्हा बांधावर माणसं दाटली होती. राजुरीहूनही काही जण मोटारसायकलवर आले होते. धर्माजींनी सगळ्यांना सांगितलं, हे अंकित सर, इंजिन यांनीच निवडून दिलंय. मोबाइल वर झाले.

इंजिन लगेच चालू झालं. वलीचाचा शेपटीशी बसून विमान धरून होते. अंकितनं रिमोटवरून इंजिन पुरतं फिरवलं. आता विमान ओढ घेईल, चाचांना दोन्ही हातांनी, टाचा रोवून धरावं लागेल, असं त्याला वाटलं होतं. चाचांनी ते एका हातानं धरलं होतं. दुसऱ्या हातानं ते टोपी सारखी करत होते.

त्या क्षणी अंकितला त्या परदेशी माणसाचा आवाज जसाच्या तसा आठवला. अकरा पाउंड, असं म्हणाला होता तो. पाउंड म्हणजे अर्धा किलोही नाही. दुकानात रोज वजनं-मापं करणाऱ्या अंकितला पुढचा हिशोब करायला वेळ लागला नाही. हे विमान त्या माणसाच्या विमानाच्या दुपटीहून जड होतं.

इंजिन बंद करायला एक बटण दाबायचं होतं. त्याचं बोट त्या बटणावर गेलंही. बांधावरून कुणीतरी सोडा की सर म्हणालं. अंकितनं चाचांना हात सोडायची खूण केली.

विमान धावलं. रानाच्या शेवटी कसंबसं जमिनीवरून सुटलं आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. पण ते वर जाईना. नाक वर, शेपूट खाली, असं रखडत ते बांधाकडे वळलं. अंकितनं ते सावरायला जोर लावला तसा डावा पंख खाली झुकला. बांधावर बायका-पोरं बसली होती, त्यांच्या डोक्यांवरून ते गेलं. माणसं आडवी पडली. मग पलीकडच्या उसात काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि इंजिन थांबलं.

कुणाला लागलं नव्हतं. एक बाई पोराला छातीशी धरून तशीच बसून राहिली होती, रिद्धी तिच्याजवळ गेली. उसात शिरायचं म्हणजे बिबट्याची धास्ती, म्हणून धर्माजी पत्र्याचा डबा बडवत पुढे झाले आणि बाकीचे मागून बोलत बोलत गेले. विमान बाहेर आणलं तेव्हा त्याचं नाक फुटलं होतं. एक पंख मधोमध मोडला होता आणि कापड फाटून लोंबत होतं.

सगळे अंकितकडे बघत होते.

“वजन जास्त झालं, चाचा,” तो म्हणाला.

वलीचाचांनी मान डोलावली. जैबुन्निसाचाचींनी फाटलेलं कापड चिमटीत धरून पाहिलं. त्या म्हणाल्या, “मीच जाड घेतलं. आन् वरून रोगणाचा एक हात जादा दिला. आतल्या पट्ट्या उमटाया नको म्हणून.”

खरं सांगायची तीच वेळ होती, हे त्याला तेव्हाही कळत होतं. त्यानं विमान टेम्पोत चढवायला हात लावला.

परत येताना रिद्धीनं विचारलं, चाचींचं कापड खरंच एवढं जड होतं का? त्यातलं तुला काय कळतं, असं तो तिच्यावर खेकसला. त्यानंतर जुन्नर येईपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती.

त्या दिवसाचा व्हिडिओ अंकितनं टाकला नाही. दुकानात कुणी विषय काढला तर तो आत जाऊन उगाच माल लावत बसायचा. त्या बांधावरच्या बाईचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि त्याहून वाईट म्हणजे वलीचाचांचे फोन येत होते. त्यांच्या आवाजात तक्रारीचा सूरही नसायचा. पंख सांधला, आता वजन कमी करतोय, अजून किती करू, एवढंच ते विचारायचे. दोनदा त्यानं बघून सांगतो म्हटलं. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा त्यानं तो उचललाच नाही. शेजारी वडील बसले होते. त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं आणि पुन्हा पेपर वर धरला.

त्याच दुपारी अंकित चाचांच्या घरी गेला.

माडीवर दोघं कामात होती. वलीचाचांनी आतल्या पट्ट्यांना एकेक करून भोकं पाडायला घेतली होती. इतक्या निगुतीनं कापलेल्या त्या पट्ट्यांची चाळण झाली होती. काही भोकांच्या कडेला लाकूड चिरलं होतं, तिथे दोरा गुंडाळून गोंद लावला होता. चाची धड उरलेल्या पंखावरचं कापड उसवत होत्या. उसवलेलं कापड घडी घालून त्यांनी बाजूला ठेवलं होतं आणि मांडीवर नवं, मलमलीसारखं पातळ कापड होतं.

“या सर,” वलीचाचा म्हणाले. “बघा, लई हलकं झालंय आता.”

अंकित उभाच राहिला. मग म्हणाला, “चाचा, थांबवा हे. वजन बरोबर होतं. इंजिन चुकलं. मी पाउंडाचे आकडे किलोला लावले.”

वलीचाचांना आधी नीट समजलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं, पाउंड म्हणजे काय तेही सांगितलं. बोलताना तो चाचांच्या हातातल्या गिरमिटाकडे बघत होता. चाचींच्या हातातली कातर थांबली होती.

“कवा कळलं?” चाचींनी विचारलं.

घरी गेल्यावर, असं सांगायचं त्याच्या अगदी ओठावर आलं.

“तिथंच. चाचांनी शेपूट धरलं होतं तेव्हा.”

“उडवायच्या आधी?”

“हो.”

“बांधावर लेकरं बसली व्हती,” चाची म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझी चुलतनात व्हती त्यात.”

माफ करा म्हणायला अंकितनं तोंड उघडलं, पण तो शब्द त्याला फार छोटा वाटला. तरी त्यानं तो म्हटला. चाची उठून खाली गेल्या.

वलीचाचांनी गिरमिट खाली ठेवलं. पाडलेल्या भोकांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, “मंग अकरा किलोला किती लागतं?”

“मला माहीत नाही, चाचा.”

इतक्या दिवसांत त्यानं हे कुणाला प्रथमच सांगितलं होतं. सांगताना लाज वाटली, पण मागचं सगळं सांगितल्यावर ती त्या मानानं सोपी होती.

आंबेगाव तालुक्यात मंचरला सुदर्शन नावाचा एक जण पेट्रोलची मोठी विमानं उडवतो, हे अंकितला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्याकडे जायचं तो टाळायचा, कारण तिथे आपलं अज्ञान उघडं पडलं असतं. आता तो वलीचाचांना घेऊन गेला. काय झालं ते त्यानं स्वतःच सांगितलं. सुदर्शन हसला नाही. त्यानं इंजिनाचा आकडा लगेच सांगितला नाही, उलट तोच विचारत राहिला. पंखांची रुंदी किती, नाक किती लांब, नाकावरचा पंखा फिरताना जमिनीपासून किती अंतर राहतं, तोल कुठे साधतो, विमान संथ उडवायचं की कसरती करायच्या. बरंचसं वलीचाचांनी सांगितलं. अंकितला त्यातलं एकही त्या दिवशी विचारायचं सुचलं नव्हतं. शेवटी सुदर्शन म्हणाला, पन्नासच्या घरातलं घ्या, आणि ते जिथे बसतं ती फळी जाड करा. भोकं पाडलेल्या पट्ट्या मात्र नव्यानं कराव्या लागतील.

नव्या इंजिनाचा खर्च अंकित देत होता, तो चाचांनी घेतला नाही. वीसचं राहू दे म्हणाले, त्याच्या मापाचं दुसरं बांधू. पट्ट्या कापायला अंकित दुकान बंद झाल्यावर जाऊ लागला. चाची खाली मशीनवर असायच्या. त्या त्याला चहा पाठवायच्या, पण स्वतः वर यायच्या नाहीत. त्यानं एक व्हिडिओ केला आणि झालेलं सगळं त्यात सांगितलं, बांधावरच्या बायका-पोरांसकट. काहींनी कौतुक केलं. एकानं लिहिलं, मग इतके दिवस आम्हाला काय शिकवत होतात?

विमान पुन्हा निमगाव सावाला नेलं, तेव्हा माणसांना लांब, एका बाजूला उभं केलं होतं. रिमोट सुदर्शनच्या हातात होता. इंजिन सुरू झालं तसं चाचा आणि धर्माजी दोघांनी मिळून शेपूट धरलं, तरी त्यांचे पाय भुसभुशीत मातीत घसरत होते. हात सोडले आणि विमान निम्म्या रानातच उचललं गेलं. पांढरं कापड उन्हात चमकलं, नव्यानं चढवलेलं, पहिल्याइतकंच ताठ. वलीचाचा मान वर करून फिरत राहिले. चाची तोंडावर पदर धरून बघत होत्या.

राजुरीच्या एका पाहुण्यानं अंकितला ओळखलं. “सर, इंजिन तुमीच निवडलं ना हे?”

चाची दोन पावलांवर होत्या. त्यांनी मान वळवली.

“नाही,” अंकित म्हणाला. “मी निवडलेलं पडलं होतं. हे मंचरच्या सुदर्शनभाऊंनी निवडलंय.”

पाहुणा बरं म्हणून पुन्हा वर बघू लागला. अंकितचा चेहरा तापला होता. चाचींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि विमान वळून परत येत होतं तिकडे त्यांनी डोळे लावले.