शोकेसमधली शाल

शिरूरच्या रविराजला आईच्या हातच्या क्रोशाच्या विणकामाचा भारी अभिमान. इतका की तानुबाईंनी विणलेली तोरणं, रुमाल आणि निळी लोकरीची शाल त्याने हॉलमधल्या काचेच्या शोकेसमध्ये कुलपात ठेवली होती. आत दिवाही लावला होता. तानुबाईंच्या खोलीतला दिवा महिनाभर बंद होता, पण तिकडे पाहुणे जात नसत.

डिसेंबरात थंडी वाढली, तशी तानुबाईंनी शाल मागितली.

"आई, वापरली तर खराब होईल," सून अंकिता फार मायेने म्हणाली. "तुमची आठवण आहे ती. दोन स्वेटर घाला ना."

रविवारी सणसवाडीच्या कंपनीतले साहेब जेवायला आले. रविराजने त्यांना शोकेससमोर उभं केलं.

"आईची आठवण आहे, सर. जिवापाड जपतो." त्याचा आवाज भरून आला होता.

साहेबांनी हात जोडले. "कधी गेल्या?"

"कुठं जाती? मी हितंच हाय," आतून आवाज आला आणि पाठोपाठ तानुबाईच बाहेर आल्या. "रवी, चावी दे."

साहेब बघत होते, म्हणून रविराजने मुकाट्याने चावी दिली. तानुबाई शाल पांघरून ओट्यावर उन्हात बसल्या. ओशाळलेले साहेबही तिथेच चहा घ्यायला टेकले. बोलता बोलता शालीवर चहा सांडला. अंकिताने डोळे मिटून घेतले.

"धुतलं की निघंल," तानुबाई म्हणाल्या.

"मलाही अशी एक विणून द्याल का?" साहेबांनी विचारलं.

"दीन की. पन अंगावर घेनार असाल तरच."