भिशीची विक्री

“हे ॲप बँकेतून सगळं आपोआप उचलतं, म्हणून तू निवांत झोपू नकोस हं, होसियत. आलेल्या प्रत्येक पैशाला विचार, बाबा, तू कुठला? मगच बटण दाब.”

मार्गिलान गाव सोडताना शेजारच्या थोरल्या रानो ओपांनी हे बजावलं होतं. अर्ध्या मोहल्ल्याचे हिशेब त्याच लिहायच्या. समरकंदला मुलाकडे कायमचं जाण्याआधी त्यांनी होसियतच्या फोनवर हिशेबाचं ॲप बसवलं आणि तिच्या रजयांच्या कारखान्याच्या खात्याला जोडून दिलं. सुरुवातीला होसियत संध्याकाळच्या नमाजानंतर ते नेमाने उघडून पाही. मग लग्नसराई आली, लग्नाच्या मुलींसाठी अतलसच्या रेशमी रजया शिवता शिवता तिला जेवायलाही फुरसत मिळेना, आणि पाहायचं राहून गेलं.

आज वार्षिक विवरण भरायचा शेवटचा दिवस, आणि फोनवर लाल पट्टी उमटली होती: उलाढालीची मर्यादा ओलांडली.

मर्यादेच्या आत राहिलं तर छोट्या धंद्याचा हलका कर. बाहेर गेलं की सगळं गणितच बदलणार. भाव वाढवावे लागणार, गिऱ्हाईक बाजारातल्या तयार मालाकडे वळणार, आणि कापूस भरणाऱ्या दोघींना उद्यापासून येऊ नका म्हणावं लागणार. त्या दोघी आतल्या खोलीत काठ्यांनी कापूस झोडत होत्या. एकेक फटका होसियतच्या छातीत बसत होता.

“चहा गार झाला की तुझा. काय झालं?” दिलोरोमने विचारलं. ही तिची धाकटी जाऊ, दुकानावर बसायची.

“आपण एवढ्या रजया विकल्याच नाहीत गं.”

“विकल्या असत्या तर मी या फाटक्या चपला कशाला ओढत बसले असते?”

होसियतला हसू आलं नाही. ती विक्रीची यादी वर-खाली करत राहिली. शरदातल्या एका दिवशी सारख्याच रकमा, एकीखाली एक. झुलैहो. मस्तुरा. सबोहत.

“या अल्लाह! ही तर आपली भिशी!”

भिशीचा पैसा पूर्वी रुमालात बांधून यायचा. जिच्या घरी त्या खेपेचा पुलाव, तिच्या जेवणाच्या दस्तरखानाच्या कडेखाली सगळ्या जणी तो हळूच सरकवायच्या. गेल्या वर्षी मस्तुराने टूम काढली, आता फोनवरून पाठवू. होसियतचा नंबर लागला तेव्हा तिच्या फोनवर एकच कार्ड होतं, कारखान्याचं. तिने तेच दिलं. आणि ॲपने बायकांची सगळी भिशी रजयांच्या विक्रीत मांडून ठेवली.

तिने कर खात्याला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली.

“घाबरू नका, खाला. विक्री नसेल तर वगळता येते. पाठवणाऱ्या सगळ्या जणींची नावं लिहा, कशाचे पैसे ते लिहा. आम्ही उद्या सकाळी बँकेतल्या नंबरवर फोन करून प्रत्येकीला विचारू.”

“आणि एखादं नाव राहिलं तर?”

“मग सगळी रक्कम विक्रीच धरावी लागेल. संध्याकाळी सहाच्या आत पाठवा हं.”

सबोहतने बँकेत घरचा नंबर दिला होता, आणि तो फोन उचलायची तिची सासू, होजर बुवी. घरातला एकेक सोम, सगळा पैसाअडका, बुवींच्या मुठीत. टोप्यांवर भरतकाम करून मिळालेल्या पैशातून सबोहत चोरून भिशी भरत होती. मुलीला ताश्कंदला परिचारिकेचं शिक्षण द्यायचं होतं, आणि बुवी पोरीसाठी स्थळं बघत होत्या. हे कुणाला कळू देणार नाही, अशी होसियतने नानवर, रोजच्या रोटीवर, हात ठेवून शपथ घेतली होती.

“तिच्या जागी माझं नाव टाक,” दिलोरोम म्हणाली. “कर खात्याला कोण कुठली काय ठाऊक?”

“पाठवणारीचं नाव बँकेनेच छापलंय, अगं. आणि खोटं लिहून वर नमाजाला उभी राहू?”

“मग बस आता.”

होसियत बसली नाही. अंगणात जाऊन तिने सबोहतला फोन लावला.

“एकटी आहेस का?”

“हात पिठात आहेत. बोल लवकर.”

तिने सगळं सांगितलं.

“नानवर हात ठेवला होतास, होसियत.”

“म्हणून तर आधी तुला विचारतेय. तू नको म्हण, मी आहे तसंच, विक्री म्हणूनच, पाठवते.”

“आणि तुझ्या कापूसवाल्या? त्यांतली एक माझी शेजारीण आहे. तिच्या पोरांचा दंगा रोज भिंतीपलीकडून ऐकते मी.”

होसियतने आतल्या खोलीकडे वळून पाहिलं.

“लिही माझं नाव,” सबोहत हळू आवाजात म्हणाली. “पण सासूबाईंना हे सरकारी फोनवरून कळता कामा नये. मला धीर नाही. तू येऊन सांग. आजच.”

“त्या मला उंबरा तरी ओलांडू देतील का?”

“देतील. आत बसवून खरडपट्टी काढतील. तुझ्यावर ओरडून झालं की माझ्यापुरता आवाज उरणार नाही, तेवढंच बरं.”

“येते. वचन देते तुला.”

आत येऊन तिने सबोहतचं म्हणणं दिलोरोमला सांगितलं. मग एकेक नाव लिहिलं, प्रत्येकापुढे कारण लिहिलं, दोनदा पडताळलं. बिस्मिल्लाह म्हणून बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: मिळाले, तपासणी सुरू आहे.

“म्हणजे सुटलो?” दिलोरोमने मान पुढे केली.

“कोण जाणे. ते ठरवतील.”

“मग एवढ्या घाईने निघालीस कुठे? उद्या जा की. म्हातारीला आज गुडघे दुखताहेत म्हणे, तोंड आणखीच सुटलेलं असेल.”

“उद्या सकाळी खात्याचा फोन यायचा.”

दिलोरोम आणखी काही बोलणार होती, पण होसियतने डोक्यावरचा रुमाल नीट केला, अंगाला चिकटलेला कापूस झटकला, आणि आतल्या दोघींना कळू न देता मागच्या दाराने बाहेर पडली. कालव्याच्या कडेकडेने ती होजर बुवींच्या घराकडे चालू लागली.