शिलाईपुरती माया

बेतण्याच्या खोलीत सकाळचे ऊन वरच्या झडपांतून उतरते. आधी ते समोरच्या भिंतीला बराच वेळ नुसते टेकून राहते, बस म्हणण्याची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखे. मग हळूहळू लांब टेबलाच्या कडेवर येते आणि लाकडावरच्या जुन्या कात्र्यांच्या खुणा एकेक करून दिसू लागतात. आदल्या दिवशीच्या खडूची पूड फळ्यांच्या भेगांत निळसर दिसते. एखादी टाचणी राहून गेलेली असते, तिचे टोक क्षणभर पेटते आणि विझते. बिनडोक्याच्या पुतळ्याच्या खांद्यावर, जिथे बाही अजून लागायची असते, तिथे ऊन जरा जास्तच रेंगाळते असे मला नेहमी वाटत आले आहे. शेवटी ते उंबरा ओलांडून शेजारच्या खोलीत येते. त्या खोलीला ग्रंथालय म्हणणारा शाळेत मी एकटाच, कारण तिथला ग्रंथपाल मी. त्या सकाळी ते झेरॉक्स मशीनच्या काचेवर येऊन पसरले, तेव्हा मशीन मुके होते. त्याची वायर काढून मी कपाटात ठेवली होती. हुकूम मुख्याध्यापकबाईंचा होता.

कारण साधे होते. आमच्या शिवणशाळेत एका पुस्तकाच्या पानांच्या झेरॉक्स सर्रास काढून वाटल्या जातात, अशी कागाळी प्रकाशन संस्थेकडे पोचली होती. ते पुस्तक माझ्या आत्याचे. ती इथेच बेतणे शिकवते. मला वाढवलेही तिनेच, आणि त्या पुस्तकातल्या आकृत्या व माझी मुळाक्षरे एकाच टेबलावर गिरवली गेली. पुस्तक बाजारातून नाहीसे होऊन वर्षे लोटली होती. शाळेत एकच प्रत उरली होती. परीक्षा तोंडावर आली होती आणि मुलींच्या बाह्या उलट्या लागत होत्या. मुंढ्याची, म्हणजे बाही जिथे जोडायची त्या खोलगट कापाची, आकृती फळ्यावरून उतरवून घेताना प्रत्येकीच्या वहीत तिचा आकार बदलत असे.

"घुम्या, वायर लाव," आत्या दारातून म्हणाली. घरीदारी ती मला याच नावाने हाक मारते. तिच्या हातात मुंढ्याच्या धड्यात बोट घातलेले पुस्तक होते.

"बाई नको म्हणाल्यात."

"बाईंना बाही लावायची नाहीये. मुलींना लावायचीय."

"प्रकाशनाचा माणूस आज पुन्हा येणार आहे. येऊ दे. मी कायदा वाचलाय, आत्या. आपली बाजू खरी आहे."

"बरं. आणि ती मांडणार कोण? तू?" ती हसली. "तू तर वाण्याकडे सुटे पैसे मागत नाहीस."

ते खरे होते. चारचौघांत माझा आवाज माझ्याआधीच पळ काढतो. पण गेला आठवडाभर माझ्या आत काहीतरी धुमसत होते. ज्या हातांनी ते पुस्तक लिहिले, त्या हातांना त्याचे एक पान उचलायची चोरी व्हावी, हे मला कोणत्याही शब्दांत मान्य होत नव्हते.

मी आत्याबरोबर आत गेलो तेव्हा मुख्याध्यापकबाईंच्या खोलीत, त्यांच्यासमोर, प्रकाशनाचा माणूस बॅग मांडीवर घेऊन बसला होता. चेहऱ्याने वाईट नव्हता, आणि त्याचाच मला अधिक राग आला. मी खुर्चीच्या पाठीला घट्ट धरले आणि उभ्यानेच बोललो.

"शिकवण्यासाठी शिक्षकाने पुस्तकातला गरजेपुरता भाग वर्गाला काढून दिला, तर कायदा आड येत नाही. आम्हाला एक धडा हवाय. वर्गापुरत्या प्रती. त्यांची विक्री होणार नाही."

"आज बाहीचा धडा, उद्या गळ्याचा," तो शांतपणे म्हणाला. "टाक्याला टाका लावत अख्खं पुस्तक होतं. ते तुम्हाला शिवणशाळेत मी काय सांगायचं?"

"पुस्तक दुकानात असतं तर मुलींनी विकत घेतलं असतं."

"नवी आवृत्ती येतेय."

"येतेय, येतेय," आत्या म्हणाली. "माझे गुडघे जायला आले, ती काही येईना."

मुख्याध्यापकबाईंनी हसू खोकल्यात लपवले. त्या खोकल्याने मला धीर आला.

"कापड बेतताना आम्ही शिलाईसाठी माया सोडतो," मी म्हणालो. "कडेला बोटभर जास्तीचं कापड. ते वाया गेलेलं नसतं. ते नसेल तर कपडा पहिल्याच दिवशी उसवतो. कायद्यानंही शाळेसाठी तेवढी माया सोडलीय. ती कापून घ्यायचा अधिकार तुम्हाला नाही."

"कबूल," तो म्हणाला. "पण नुसत्या मायेचा सदरा कुणी शिवत नाही."

उत्तर चांगले होते. म्हणूनच मी ठरवल्यापेक्षा पुढे गेलो. "पुस्तक हिचं आहे. स्वतःच्या पुस्तकासाठी हिनं परवानगी कुणाची मागायची?"

त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही. "ते तुम्ही या लेखिकाबाईंनाच विचारा," तो म्हणाला.

आत्या पदराच्या टोकाने चष्मा पुसत राहिली. "धड्याचं बोला," तिने त्याला सांगितले.

त्याने थोडा विचार केला. एक धडा, या वर्गापुरता, आणि प्रत्येक प्रतीवर पुस्तकाचे नाव असावे, एवढे त्याने मान्य केले. त्यापलीकडे काही आढळले तर गाठ वकिलाशी. "जा रे, लाव वायर," मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते मला वाटले की माझ्या छातीत जागा आहे.

मुंढ्याचा धडा काढून झाला. कागदांचा गठ्ठा हाताला ऊबदार लागत होता. मी पान उलटले. पुढचा धडा गळ्याचा होता. मी पुस्तक पुन्हा काचेवर पालथे घातले, तेव्हा आत्याने झाकणावर तळवा ठेवला.

"पुरे."

"कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"तुझंच आहे ते, आत्या. त्यांनी लुबाडलं तुला."

"लुबाडायला मी काय दूधखुळी होते?" ती म्हणाली. "मला छापून हवं होतं. सगळे हक्क द्या म्हणाले, दिले. कुणी हात पिरगाळला नव्हता. वाचून, विचारून, सही करून आले."

"मला कधी बोलली नाहीस."

"दहादा बोलले. तू ऐकलं नाहीस."

"मग गळा कसा शिकवशील?"

"जसा पुस्तकाआधी शिकवत होते तसा. त्यांनी वाक्यं घेतली, चित्रं घेतली. गळा बेतायची रीत कुणाला विकत घेता येत नाही, बाबा. आणि वकील आला तर त्यालाही बसवीन टेबलाशी. त्याच्या सदऱ्याची कॉलर तेव्हा बघ. वाकडीच असणार."

तिने गठ्ठा उचलला आणि शेजारच्या खोलीत गेली. "या गं, टेबलाशी या," तिचा आवाज आला. "बाहीचा कागद मिळेल. गळ्याचा मिळणार नाही. तो आपापल्या मापानं, आपापल्या हातानं काढायचा, आणि चुकला तर उसवायचा. रडायचं नाही."

खडू कापडावर घासल्याचे आवाज येऊ लागले, आधी एक, मग अनेक. मी काचेवरचे पुस्तक उचलून मिटले. मुखपृष्ठावर आत्याचे नाव होते, मोठ्या अक्षरात, आणि इतकी वर्षे मी तेवढेच वाचत आलो होतो.

पुस्तक आत्याचे नव्हते.