मास्तरांनी माझं माप घेतलं

मी ऑइल कूलर बोलतोय. नावावर जाऊ नका. माझ्यात ना बर्फ, ना पाण्याची बाटली. इंजिनाचं तापलेलं तेल माझ्या पोटातून फिरतं, वारा माझ्या फटींतून जातो आणि तेल निवून परत जातं. झालं, एवढंच माझं काम. पण कुणाला सांगायला जावं तर लोक म्हणतात, "म्हणजे रेडिएटर ना?" नाही हो! रेडिएटर पाणी गार करतो. आमची अशी गल्लत केली की माझं डोकं तापतं, आणि तापणं माझ्या धंद्यात बसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या एकावर एक रचून मला भट्टीत जोडलं, पाण्यात बुडवून आत हवा भरली, बुडबुडा आला नाही तेव्हा पास केलं. दहा वर्षं एका मालट्रकच्या नाकाशी राबलो. ट्रक भंगारात गेला आणि मी एका मिस्त्रींच्या गॅरेजात फळीवर येऊन पडलो. मिस्त्री माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालायचे. सहा वर्षं! कुणी साधी विचारपूस केली नाही.

मग एक दिवस ती जुनी टर्बो डिझेल कॅम्पर व्हॅन आली. मागे बिछाना, छोटी शेगडी, खिडक्यांना पडदे. चालवत होत्या बाई, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. शेजारी त्यांचे यजमान. शिवणकामाचं दुकान बंद करून घरी बसलेले मास्तर.

"मिस्त्री, घाट चढताना तेल तापून पाण्यासारखं पातळ होतं," बाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी सहाव्या वळणावर बसली ती बसलीच. दोर बांधून खाली आणावी लागली. लेकीनं निक्षून सांगितलंय, पुन्हा दोर लागला तर गाडी विकायची."

"विका की. वय झालंय तिचं."

मास्तर लांब आहेत ना, ते पाहून बाईंनी आवाज खाली आणला. "दुकान बंद झाल्यापासून हे घरात बोलत नाहीत हो. दिवसभर हूं की चूं नाही. गाडीत बसले की मात्र तोंडाला खळ नसतो. गाडी गेली तर..."

मिस्त्रींनी माझ्यावरचे हातमोजे उचलले.

त्यांनी मला तीनदा डिझेलनं धुतलं. ट्रकच्या वेळचा एक कण जरी आत राहिला असता, तरी टर्बोची वाट लागली असती. तेलाच्या फिल्टरपाशी एक चकती बसवली. तिच्यात झडप: तेल गार असेपर्यंत बंद, तापलं की उघडी. दोन जाड नळ्या ओढल्या आणि मला पुढच्या जाळीमागे रबराच्या तुकड्यांवर घट्ट बसवलं. बाईंसमोर तेलाच्या तापमानाचा काटाही लावला.

"काम हा करत नाही, बाई. वारा करतो," मिस्त्री म्हणाले. "ह्याच्या तोंडावर काही येऊ देऊ नका."

हे बाईंनी ऐकलं. मास्तरांनी नाही, कारण ते तेव्हा गुडघ्यांवर बसून टेपनं माझं माप घेत होते. लांबी, रुंदी, नळ्यांचा घेर. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता, म्हणून मीही हुरळलो. खोटं कशाला सांगू?

मास्तरांची एक खोड होती. नवी वस्तू दिसली की तिला कव्हर! गाडीत स्टिअरिंगला कव्हर, शेगडीला कव्हर, जादा चाकाला कव्हर. चष्म्याच्या डबीलासुद्धा अंगरखा होता.

निघायच्या सकाळी बाई तेलाची पट्टी तपासून आत गेल्या आणि मास्तर बंपरखालून हात घालून मला सदरा चढवू लागले. निळं कापड, चार बटणं, नळ्यांसाठी दोन बाह्या. "धूळ नको बसायला," ते पुटपुटले, "खडा नको लागायला." आणि काय सांगू, अंगासरशी बसला की हो! मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठंय?

लेक मागे बसली होती, परीक्षा घ्यायला. मास्तरांची टकळी चालू होती. घाट लागला. काटा शंभरावर, एकशे दहावर, एकशे वीसवर. माझ्या पोटात आग आणि बाहेर वाऱ्याची झुळूक नाही. मास्तर बोलायचे थांबले. सहाव्या वळणावर काटा एकशे पस्तीसला टेकला आणि बाईंनी गाडी कडेला घेतली. तापलेला टर्बो एकदम थांबवायचा नसतो, म्हणून इंजिन तेवढं चालू ठेवलं.

"आई, पुरे आता," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, काळजी होती. "असे कुठेतरी अडकलात तर मी कुठं कुठं धावू? थांब, मी फोन करते, दोर घेऊन येतील."

बाई उतरल्या, रस्त्यावर आडव्या होऊन बंपरखालून पाहिलं. निळा सदरा! शेजारी मास्तरही वाकले होते. दोघांची नजरानजर झाली. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं आणि ओठ घरात मिटायचे तसे मिटले.

बोटांना चटके बसत असताना बाईंनी बटणं ओढली. एक तुटून उडालं. सदऱ्याचा बोळा करून त्यांनी जाकिटात कोंबला.

"काय होतं गं?" लेकीनं खिडकीतून विचारलं.

"अगं, प्लॅस्टिकची पिशवी! वाऱ्यानं येऊन चिकटली मेली."

लेक खाली उतरली. तिच्या पायाशी निळं बटण पडलेलं. बापाच्या मशीनखाली बटणं वेचत वाढलेली ती, तिला कळणार नाही होय? तिनं ते उचललं आणि मूठ मिटली.

"लोक रस्त्यावर काय वाट्टेल ते टाकतात," एवढंच म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला.

पाव तासानं निघालो. अहाहा, काय तो वारा! काटा एकशे पाचपर्यंत उतरला आणि तिथून हलला नाही. सातवं वळण, आठवं, दहावं. मास्तर गप्पच. तेलाचं मी बघून घेतलं असतं, पण त्या गप्प बसण्यापुढे माझा काय इलाज? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटचं वळण संपलं, माथा आला.

"अगं," मास्तर म्हणाले, "त्या पिशवीची शिलाई मात्र पक्की होती हं."

बाई खो खो हसल्या. मागून लेकीनं मूठ पुढे केली, उघडली. "बटणं तेवढी कच्ची होती, बाबा." मग मास्तर जे सुरू झाले ते पलीकडचा पायथा येईपर्यंत थांबले नाहीत.

त्याला पाच वर्षं झाली. गाडी विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. खडे लागून माझ्या चार पट्ट्या वाकल्या आहेत, धूळही बसली आहे. तो सदरा आता चहाच्या किटलीला असतो. एका बाहीतून तिची चोच बाहेर येते.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. आपल्या माणसाच्या चुकीवर खुशाल पांघरूण घाला. मला मात्र उघडाच राहू द्या.